पापुद्र्यांचे विज्ञान आणि मराठवाड्याची काळी माती

भोकर, हिमायतनगर मागे टाकून किनवटच्या दिशेने निघाले की इस्लापूर लागते. पावसाळ्यात पैनगंगेवरील सहस्रकुंडाचा धबधबा पाहण्यासाठी येणारी गर्दी सोडली, तर या गावाचे नाव जिल्ह्याबाहेर फारसे कोणाच्या कानी पडत नाही. सागवानाचे जंगल, कापूस-सोयाबीनची शेते आणि मे महिन्यात हात सहज आत जाईल एवढ्या भेगा पडलेली काळी जमीन, हे या परिसराचे रूप. जूनमध्ये पाऊस पडला की याच भेगा मिटतात, माती फुगते आणि चालणाऱ्याच्या पायताणाला शेरभर चिखल चिकटतो. शेतकऱ्याला यात नवल वाटत नाही. मात्र ही फुगणारी आणि आकसणारी माती आणि जगभरच्या अद्ययावत प्रयोगशाळांत सध्या गाजत असलेली ‘द्विमितीय द्रव्ये’ एकाच कुळातील आहेत, ही गोष्ट मराठवाड्यातील विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही क्वचितच सांगितली जाते.

काळ्या मातीचा गुणधर्म ठरविणारे खनिज स्मेक्टाइट गटातील आहे. त्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे सर्वांत परिचित. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने दख्खनच्या काळ्या मातींवर वर्षानुवर्षे केलेल्या अभ्यासात या गटाचे प्राबल्य दिसून आले आहे. हे खनिज म्हणजे पापुद्र्यांची चळत असते. प्रत्येक पापुद्रा साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे एक अब्जांश मीटर जाडीचा. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे ऐंशी हजारांच्या आसपास पापुद्रे मावतील. पापुद्र्यावर ऋण विद्युतभार असतो, तो सांभाळण्यासाठी दोन पापुद्र्यांच्या मध्ये कॅल्शियम, सोडियम यांचे धनभारित आयन बसलेले असतात. पाणी या फटीत शिरते, आयनांभोवती जमते आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर ढकलले जातात. शेत फुगते ते असे. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की चळत मिटते आणि भेग पडते.

एक ग्रॅम शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटचे सगळे पापुद्रे सुटे करून शेजारी शेजारी पसरले, तर ७०० ते ८०० चौरस मीटर, म्हणजे सात-आठ गुंठे जागा व्यापली जाईल. खताचे आणि पाण्याचे कण धरून ठेवण्याची काळ्या मातीची ताकद या गुंठ्यांत आहे. जुन्या मराठी गावव्यवहारात शेताला ‘काळी’ आणि वस्तीला ‘पांढरी’ म्हणत. घराच्या भिंती आणि माळवद पांढऱ्या मातीचे असे, काळीचे नव्हे. काळी माती घराला तडे देते हे गावकऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्याचे कारण नॅनोमीटरच्या फटीत आहे हे विज्ञानाला विसाव्या शतकात क्ष-किरणांच्या साह्याने कळले.

मँचेस्टरची चिकटपट्टी

द्विमितीय द्रव्यांचा आधुनिक अध्याय सुरू झाला तो २००४ साली. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलॉव्ह यांनी ग्राफाइटच्या तुकड्यावर साधी चिकटपट्टी लावून ती ओढली, पट्टीवर आलेला थर पुन्हा पुन्हा सोलला आणि अखेर कार्बनच्या एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा वेगळा केला. हेच ग्राफीन. (शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्राफाइट आणि चिकणमाती असते, हे यानिमित्ताने नमूद करायला हरकत नाही.) एक मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटमध्ये असे सुमारे तीस लाख पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. या शोधाला २०१० सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले आणि मग पापुद्रे सोलण्याची जगभर जणू शर्यतच लागली.

शर्यतीत पुढे आलेले दुसरे मोठे नाव मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे. यंत्रांच्या वंगणात वापरले जाणारे हे काळसर द्रव्य. ग्राफीन वीज उत्तम वाहते, परंतु तिचा प्रवाह मनाप्रमाणे बंद करता येत नाही. चिपसाठी बंद-चालू होणारा अर्धवाहक लागतो. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एक थर तो गुण दाखवतो. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये त्यावर ट्रान्झिस्टर करून दाखविला. त्याच वर्षी अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात ‘मॅक्सीन’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या धातू-कार्बाइडच्या पापुद्र्यांचा शोध लागला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गुगलच्या ‘डीपमाइंड’ कंपनीने संगणकाच्या साह्याने बावीस लाख नव्या स्फटिकांचे भाकीत केले. त्यांपैकी सुमारे ५२ हजार ग्राफीनसारखे थरांचे असतील असा दावा होता. भाकीत केलेला स्फटिक हा अद्याप न झालेला स्फटिक असतो, एवढे भान ठेवून या आकड्याकडे पाहिलेले बरे.

२०२५ हे वर्ष या क्षेत्रासाठी विशेष ठरले. एप्रिलमध्ये चीनच्या फुदान विद्यापीठाने मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकाच थरावर ५,९०० ट्रान्झिस्टरांचा ३२ बिटचा प्रक्रियक तयार केल्याचे जाहीर केले. जूनमध्ये अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठात सप्तर्षी दास यांच्या गटाने सिलिकॉनऐवजी केवळ द्विमितीय द्रव्यांचे ट्रान्झिस्टर वापरून एक छोटा संगणक चालवून दाखविला. त्याची गती २५ किलोहर्ट्झ. आजच्या मोबाइल फोनच्या तुलनेत तो लाखभर पट मंद आणि फोनमधील चिपमध्ये ट्रान्झिस्टर हजार कोटींहून अधिक. म्हणजे सिलिकॉनची सद्दी उद्या संपणार, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. पण सिलिकॉन काही नॅनोमीटरांपेक्षा पातळ केले की त्यातून वीज नीट वाहत नाही आणि पापुद्र्यांना ही अडचण नाही. त्यामुळे मोठ्या चिप कंपन्यांचे लक्ष इकडे लागले आहे.

भारतही मागे राहू इच्छित नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सुमारे ३० शास्त्रज्ञांनी द्विमितीय द्रव्यांवर आधारित अतिसूक्ष्म चिप विकसित करण्याचा प्रस्ताव केंद्र सरकारपुढे ठेवला असून त्यासाठी पाच वर्षांत ५०० कोटी रुपयांची मागणी केली असल्याचे एप्रिल २०२५ मध्ये समोर आले. डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या अर्धवाहक कार्यक्रमाची रक्कम ७६ हजार कोटी आहे. त्या पार्श्वभूमीवर हे ५०० कोटी म्हणजे फार मोठी मागणी आहे असे कोणी म्हणणार नाही. केरळमध्ये ग्राफीनसाठी स्वतंत्र नवोन्मेष केंद्र उभे राहिले आहे. त्यात केरळ डिजिटल विद्यापीठ आणि टाटा स्टील यांच्यासोबत ‘सी-मेट’चे त्रिशूर केंद्र सहभागी आहे. या ‘सी-मेट’चे मुख्यालय पुण्यात आहे, हे महाराष्ट्राने लक्षात घ्यायला हवे. संस्था आपली, केंद्र त्यांचे. कारण तेथील राज्य सरकारने त्यात रस घेतला.

दोन वाटा

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो न केल्याने या विषयावरील बहुतेक चर्चा भरकटते. द्विमितीय द्रव्यांच्या संशोधनाच्या दोन वाटा आहेत. एक वाट चिपची. तिच्यासाठी धूळमुक्त दालने, निर्वात भट्ट्या आणि सातशे-आठशे अंश तापमानावर वायूंतून एकेक थर उगवून घेण्याची यंत्रणा लागते. ही वाट बेंगळुरू, मुंबई, पुणे यांच्यापुरतीच राहणार आणि नांदेड वा लातूरने तिच्या मागे धावण्यात अर्थ नाही.

दुसरी वाट भुकटीची आणि शाईची आहे. बॅटरी, सुपरकपॅसिटर, गंजरोधक लेप, वायूसंवेदक, पाण्याची गाळणी या सगळ्यांना एकच अखंड थर लागत नाही. पातळ पापुद्र्यांची भुकटी पुरते. २०१४ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील जोनाथन कोलमन यांच्या गटाने ग्राफाइटची पूड, पाणी आणि भांडी घासण्याचे द्रावण स्वयंपाकघरातील मिक्सरमध्ये फिरवूनही ग्राफीनचे पापुद्रे सुटतात, असे दाखवून दिले. तो केवळ गमतीचा प्रयोग नव्हता. कारखान्यातील मोठ्या पिंपातही तेच तत्त्व चालते, हे त्या निबंधाचे म्हणणे होते. या वाटेवर भांडवल कमी लागते, हातोटी जास्त लागते.

आणि ही हातोटी महाराष्ट्रात चाळीस-एक वर्षांपासून आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धातूंच्या सल्फाइड, सेलेनाइड यांचे पातळ थर रासायनिक पद्धतीने बसविण्याची परंपरा घडविली. पद्धत वरकरणी साधी. चंचुपात्रात धातूच्या क्षाराचे द्रावण घ्यायचे, अमोनिया मिसळायचा, थायोयुरियासारखा गंधक पुरविणारा पदार्थ घालायचा, काचेची स्वच्छ पट्टी त्यात उभी करायची आणि पाणी तापवीत राहायचे. घटकाभरात पट्टीवर रंगीत थर चढतो. कॅडमियम सल्फाइड असेल तर हळदीसारखा पिवळा. दुसऱ्या एका पद्धतीत पट्टी आधी धनभारित आयनांच्या द्रावणात, मग पाण्यात, मग ऋणभारित आयनांच्या द्रावणात, पुन्हा पाण्यात अशी पाळीपाळीने बुडवतात. रंगारी कापडाला बुचकळून रंग चढवतो तसा थर चढत जातो. ही पद्धत १९८५ मध्ये फ्रान्समध्ये निकोलाऊ यांनी मांडली. तिचा पसारा वाढविण्यात कोल्हापूरच्या प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे.

२००० साली राजाराम माने आणि लोखंडे या दोघांनी मिळून या रासायनिक पद्धतीचा विस्तृत आढावा ‘मटेरियल्स केमिस्ट्री अँड फिजिक्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लिहिला. या विषयावर काम करणाऱ्या जगभरच्या संशोधकांनी तो वारंवार संदर्भासाठी वापरला आहे. पुढे डॉ. माने यांचे काम नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संकुलातून, नॅनोद्रव्ये व ऊर्जा उपकरणांच्या केंद्रातून प्रसिद्ध होत राहिले. सौरघट आणि सुपरकपॅसिटर हे त्याचे मुख्य विषय. १९९४ साली मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी स्थापन झालेल्या, नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांच्या विद्यापीठाचे नाव दक्षिण कोरियातील प्रयोगशाळांच्या बरोबरीने शोधनिबंधांवर झळकू लागले, ही गोष्ट विष्णुपुरीच्या परिसराबाहेर फारशी कोणाला माहीत नाही. मराठीत ‘पदार्थविज्ञान’ म्हटले की लोक भौतिकशास्त्र समजतात आणि ‘मटेरियल सायन्स’ अर्थात द्रव्यविज्ञान हे वेगळे शास्त्र आहे हेच मुळात कळत नाही, हेही त्याचे एक कारण असावे.

चंचुपात्रातील हे थर काटेकोर अर्थाने द्विमितीय नव्हेत, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. त्यांत शेकडो अणुथर असतात. पण मॉलिब्डेनम डायसल्फाइड हेही अखेर सल्फाइडच. आयनांची गती, द्रावणाचा सामू, तापमान यांच्यावर ताबा ठेवून थर वाढविण्याचे ज्ञान दोन्हीकडे सारखेच लागते. गुळगुळीत काचेवर एकसारखा थर आणता येणाऱ्या विद्यार्थ्याला पापुद्र्यांची भुकटी बनविणे परके वाटत नाही.

डोळे दूर गेले

मग अडते कोठे? बनविण्यात नाही, बनले काय, हे पाहण्यात अडते.

काचेवर चढलेला थर किती जाड आहे, भुकटीत खरोखर पापुद्रे सुटले आहेत की नुसती बारीक पूड झाली आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी क्ष-किरण विवर्तनमापी, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, अणुबल सूक्ष्मदर्शक आणि रामन वर्णपटमापी लागतात. ग्राफीनचा एक थर आहे की दोन, हे सांगणारी खात्रीची पद्धत रामन वर्णपटाची. १९२८ साली कोलकात्यात लागलेल्या शोधावर उभे असलेले हे यंत्र भारतातील बहुतेक ग्रामीण महाविद्यालयांत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची किंमत तर कोटींच्या घरात जाते आणि तो चालविणारा तंत्रज्ञ सांभाळणे त्याहून कठीण.

यंत्र नसले तर काय होते, याचे बोलके उदाहरण २०१८ साली जगापुढे आले. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी साठ कंपन्यांकडून ‘ग्राफीन’ म्हणून विकली जाणारी भुकटी मागवून तपासली. बहुतांश नमुन्यांत खरे ग्राफीन दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. एकाही नमुन्यात ते निम्म्याहून अधिक नव्हते. उरलेले होते ते बारीक दळलेले ग्राफाइट. पैसेवाल्या देशांतील उद्योगांची ही गत, तर जिल्ह्याच्या ठिकाणी स्वस्तात ‘नॅनो’ म्हणून खपविल्या जाणाऱ्या वस्तूंबद्दल न बोललेलेच बरे.

किनवट तालुक्यातला एखादा विद्यार्थी नांदेडला येऊन संशोधनासाठी नाव नोंदवतो, तेव्हा त्याचा नमुना तपासणीसाठी मुंबईच्या आयआयटीतील किंवा कोल्हापूरच्या मध्यवर्ती सुविधेकडे जातो. या सुविधा केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या योजनेतून चालतात आणि त्यांनी देशातील हजारो संशोधकांचे काम निभावून नेले आहे. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘आय-स्टेम’ या संकेतस्थळावर देशभरातील यंत्रांची नोंदणी करून कोणालाही वेळ मागता येते, हीदेखील चांगली सोय झाली. तरीही रांग असतेच. नमुना पाठवायचा, वाट पाहायची, आलेली प्रतिमा अस्पष्ट निघाली तर पुन्हा पाठवायचा. प्रयोग म्हणजे चुकत चुकत शिकणे. सकाळी केलेला थर दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा विद्यार्थी आठवड्यात जेवढ्या चुका करून शिकतो, तेवढ्या करायला दूरच्या विद्यार्थ्याला वर्ष लागते. दोघांच्या बुद्धीत फरक नसतो, पण प्रबंधांत तो दिसून येतो.

त्यातच अधिछात्रवृत्तीची अनिश्चितता. राज्याच्या विविध संस्थांकडून मिळणारी रक्कम वेळेवर आणि पूर्ण मिळावी यासाठी संशोधक विद्यार्थ्यांना पुण्या-मुंबईत आंदोलने करावी लागली, हे अलीकडच्या काळात वारंवार घडले. विद्यापीठांतील प्राध्यापकांच्या रिक्त जागांचा प्रश्न तर आता बातमीही राहिलेला नाही.

केंद्राच्या पातळीवर हालचाल नाही असे नव्हे. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान अस्तित्वात आले. पाच वर्षांत ५० हजार कोटींचे उद्दिष्ट. त्यातील ३६ हजार कोटी सरकारबाहेरून, म्हणजे मुख्यतः उद्योगांकडून यावेत अशी अपेक्षा. या प्रतिष्ठानच्या एका कार्यक्रमात नामवंत संस्था केंद्रस्थानी आणि राज्य विद्यापीठे तिच्या आऱ्या, अशी चाकाची रचना आहे. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने एक लाख कोटींच्या आणखी एका संशोधन योजनेला मंजुरी दिली. मात्र ती प्रामुख्याने खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीचे स्वस्त कर्ज देणारी असून, प्रयोगशाळेतून पुढे सरकलेल्या तंत्रज्ञानासाठी आहे. चंचुपात्राच्या पातळीवरील कामाला तिचा थेट उपयोग नाही. देशाचा संशोधनावरील एकूण खर्च २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. दक्षिण कोरियात हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आहे. चाकाची रचना कागदावर सुबक आहे. आऱ्याला यंत्र मिळते की केवळ केंद्रस्थानी जाऊन ते पाहण्याचा प्रवासभत्ता मिळतो, यावर तिची परीक्षा होईल.

उलट्या मातीची गोष्ट

हे सगळे इस्लापूरच्या माणसाने का वाचावे, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पाण्यात आहे.

किनवट-माहूर पट्ट्यातील आणि पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेबाहेर असल्याच्या नोंदी आहेत. केंद्रीय भूजल मंडळानेही नांदेडचा समावेश फ्लोराइड आढळणाऱ्या जिल्ह्यांत केलेला आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकारार्ह. दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्यापुढे मुलांचे दात पिवळे-तपकिरी डागाळतात आणि वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले तर हाडे व सांधे आखडतात. नदीचे पाणी आटल्यावर विंधन विहिरीवर विसंबणाऱ्या वस्त्या याला अधिक बळी पडतात.

यावर नागपूरच्या ‘नीरी’ने १९७० च्या दशकात शोधलेली ‘नलगोंडा’ पद्धत प्रसिद्ध आहे. तुरटी आणि चुना ठरावीक प्रमाणात घालून पाणी ढवळायचे आणि निवळू द्यायचे. स्वस्त आहे, पण रोज मात्रा मोजावी लागते, गाळ साचतो आणि प्रमाण चुकले तर पाण्यात ॲल्युमिनियम राहते. गावपातळीवर मोजमापाचे हे काम काही दिवस उत्साहाने चालते, मग थांबते.

येथे पापुद्र्यांचे विज्ञान कामी येऊ शकते. काळ्या मातीचे पापुद्रे ऋणभारित असतात, फ्लोराइडही ऋणभारित. त्यामुळे काळी माती त्याला सहजासहजी जवळ करत नाही. परंतु निसर्गात याच्या नेमके उलट खनिजही आहे, हायड्रोटॅल्साइट नावाचे. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडचे हे पापुद्रे धनभारित असतात आणि त्यांच्या फटीत ऋणभारित आयन बसतात. काळ्या मातीचे जणू आरशातील प्रतिबिंब. प्रयोगशाळेत ते बनविणे अवघड नाही: दोन क्षारांचे द्रावण अल्कलीत थेंबाथेंबाने सोडायचे, साका गाळून धुवून घ्यायचा आणि वाळवायचा. हीच भुकटी साडेचारशे-पाचशे अंशांवर भाजली की फटीतील पाणी आणि कार्बोनेट उडून जाते, थर मोडतात. मग ती फ्लोराइडच्या पाण्यात टाकली की मोडलेले थर पुन्हा बांधले जातात आणि बांधताना फ्लोराइडला फटीत ओढून घेतात. शास्त्रज्ञ याला द्रव्याची ‘स्मृती’ म्हणतात. लागणारी भट्टी बहुतेक विज्ञान महाविद्यालयांत असते.

याविषयीचे शोधनिबंध आता ढिगाने आहेत. त्यांतील कित्येकांत एक खोट दिसते. प्रयोग ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम फ्लोराइड विरघळवून केलेला असतो. प्रत्यक्षात फ्लोराइडयुक्त भूजल सहसा अल्कधर्मी असते, त्यात सोडियम आणि बायकार्बोनेट भरपूर असते आणि कॅल्शियम कमी. बायकार्बोनेटपासून होणारे कार्बोनेट त्याच फटीत बसायला धडपडते, नव्हे, त्याला तेथे अधिक पसंती असते. चंचुपात्रात नव्वद टक्के फ्लोराइड काढणारी भुकटी हातपंपाच्या पाण्यात किती काढील, हे त्या हातपंपाचे पाणी घेतल्याशिवाय कळत नाही. २०१७ साली मँचेस्टरमध्ये राहुल नायर यांच्या गटाने ग्राफीन ऑक्साइडच्या पडद्याने समुद्राच्या पाण्यातील मीठ अडवून दाखविले, तेव्हाही जगभर मोठे मथळे झाले होते. गावोगावची गाळणी त्यातून अजून आलेली नाही. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या सच्छिद्र धातू-सेंद्रिय चौकटींना मिळाले, त्यांचा पाया १९८९ साली घातला गेला होता. द्रव्यविज्ञानात उशीर हा अपवाद नसतो.

तरीही या एका प्रश्नापुरते पाहिले तर नांदेडची बाजू बेंगळुरूपेक्षा बळकट आहे. कारण पाणी येथे आहे. विष्णुपुरीच्या एकाच आवारात भूशास्त्र संकुल आहे, ज्याचे भूजलावर काम आहे. भौतिकशास्त्र संकुल आहे, ज्याला रासायनिक पद्धतीने द्रव्ये बनविण्याचा सराव आहे. आणि किनवट येथे याच विद्यापीठाचे आदिवासी विकास व संशोधन केंद्र आहे. विहिरीचे खरे पाणी भुकटीवरून सोडायचे, ऋतुगणिक मोजायचे आणि निकाल वाईट आला तरी छापायचा, अशा कामाला धूळमुक्त दालन लागत नाही. फ्लोराइड मोजणारा इलेक्ट्रोड तर रामन वर्णपटमापीच्या तुलनेत किरकोळ किमतीत मिळतो.

अडचणी उरतातच. भुकटी पाण्यासोबत वाहून जाऊ नये म्हणून तिच्या गोळ्या कराव्या लागतात आणि गोळ्या केल्या की आतल्या पापुद्र्यांपर्यंत पाणी पोहोचत नाही. पाण्यात ॲल्युमिनियम उतरते का, हे सतत तपासावे लागते. जलजीवन मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढविण्यात आली आहे. ज्या वस्त्यांपर्यंत धरणाचे किंवा नदीचे शुद्ध पाणी नळाने पोहोचेल तेथे गाळणीची गरजच उरणार नाही आणि तो उपाय केव्हाही अधिक चांगला. प्रश्न आहे तो जंगलालगतच्या, चार-दोन घरांच्या वाड्या-तांड्यांचा, जेथे विंधन विहीर हाच स्रोत राहणार आहे. तेथे रोज मात्रा मोजायला माणूस मिळणार नाही. महिन्यातून एकदा बदलता येईल अशी पुरचुंडी चालू शकेल. पण फ्लोराइडने भरलेली, वापरून झालेली ती पुरचुंडी टाकायची कोठे, पुन्हा भाजून वापरायची तर किती वेळा आणि ती गोळा करून नेण्याचा खर्च ग्रामपंचायतीने उचलायचा की जिल्हा परिषदेने, याचा हिशेब मात्र अजून मांडला जायचा आहे.